पोरांना घाट दाखवायचाय

“हे हेळवाक. हितनं घाट सुरू,” असं म्हणत रुद्रप्पानं शहाबादी फरशीवर खडूनं एक लांबलचक वळण ओढलं. “हे पयलं वळण. हितं हॉर्न द्यायचाच. पुढनं कोण येतंय ते काय दिसत न्हाय.”

पाच वर्षांच्या मल्लूनं तोंडानं हॉर्न वाजवला आणि हातातला पितळी तांब्या खडूच्या रेघेवरून सरकवला. तांब्या म्हणजे अप्पांचा ट्रक. आठ वर्षांची गंगू फरशीला गाल टेकून, तांब्या रेघेच्या बाहेर जातो का ते बघत होती.

“अप्पा, डोंगराच्या टोकावर गेल्यावर गाडी खाली घसरत न्हाय?” मल्लूनं विचारलं.

“घसरंल कशी? मी हाय की!” रुद्रप्पा हसला आणि पुढचं वळण काढायला उठून दोन पावलं डावीकडं सरकला.

गंगू किंचाळली. त्याची टाच तिच्या बोटांवर पडली होती.

स्वयंपाकघरातून नीलम्मा पिठाच्या हातांनी धावत आली. “अवं, पोर हितं बसलीया की! दिसत न्हाय का तुमाला?”

कुणीही म्हणेल तसंच ती म्हणाली, गंगूची बोटं पाण्यात बुडवली, आणि तव्यावरची भाकरी करपू नये म्हणून परत आत गेली. रुद्रप्पा मात्र पोरीचा ओला हात हातात घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला. गंगू उठून आत गेली असं त्याला वाटलं होतं. ती त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर होती.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा अजून उठायची होती. रुद्रप्पा बेचाळीस वर्षांचा होता आणि त्यातली वीस वर्षं त्यानं चन्नवीर शेठच्या ट्रकवर काढली होती. सोलापुरी चादरींचे गठ्ठे भरायचे, मंगळवेढा, सांगोला, विटा करत कराड गाठायचं, पाटण-कोयनेवरून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळुणात माल टाकायचा. येताना नारळ, नाहीतर आंब्याच्या पेट्या. शेठच्या वखारीतल्या इतर ड्रायव्हरांना हैदराबादचा नाहीतर विजापूरचा सपाट रस्ता बरा वाटायचा. घाट रुद्रप्पाचा. पावसाळ्यात दरड कोसळलेली असो की दिव्याचा उजेड धुक्यात विरघळलेला असो, त्याच्या ट्रकला साधा ओरखडा आला नव्हता.

आणि त्याच्या पोरांनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता. सोलापुरात त्यांनी पाहिलेली सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे गिरणीची चिमणी. गंगू चित्राच्या वहीत डोंगर काढायची ते तीन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य. एकदा बाईंनी वर्गात विचारलं, डोंगर कुणी पाहिलाय? गंगूनं हात वर केला आणि म्हणाली, “माझ्या अप्पांनी.” सगळा वर्ग हसला. तिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हापासून रुद्रप्पानं मनाशी धरलं होतं: पोरांना घाट दाखवायचा. स्वतः गाडी चालवून दाखवायचा. पण ट्रकमध्ये माल असायचा, मालाला वेळ असायची, आणि वर्ष निघून जायचं.

गेल्या श्रावणापासून रात्री समोरच्या गाडीचा दिवा विझला की त्याला काही क्षण सगळंच काळं दिसू लागलं. मग संध्याकाळी रस्त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन तपासलं आणि सरळ सांगितलं. दोन्ही बाजूंनी पडदा सरकत येतोय. मधे नळीतून बघितल्यासारखं तेवढं राहील. काही वर्षांनी तेही राहील असं नाही. याला चष्मा नाही, ऑपरेशनही नाही.

रुद्रप्पानं ते कुणाला सांगितलं नाही. दिवसा चालवू, एवढंच ठरवलं. पण दिवाळीनंतर विट्याच्या अलीकडं, भर दुपारी, डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई डाव्या बाजूनं रस्त्यावर आली आणि त्याला ती दिसलीच नाही. शेजारी बसलेला क्लीनर ओरडला म्हणून ब्रेक लागला. मोळी रस्त्यावर विखुरली, बाई वाचली. रुद्रप्पानं खाली उतरून एकेक काटकी गोळा करून तिची मोळी बांधून दिली. सोलापुरात आल्यावर ट्रकची चावी शेठच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, कंबर धरलीय, काही दिवस गाडीवर बसवत नाही.

शेठनं विश्वास ठेवला. त्याच भरात रुद्रप्पानं विचारून टाकलं, “शेठ, कंबर बरी झाली की तुमची जीप चार दिस द्याल का? पोरांना घाट दाखवायचाय.” वीस वर्षांत या माणसानं सुटीसुद्धा मागितली नव्हती. शेठ म्हणाले, “जीप मी कुठं चालवतो? घेऊन जा की.”

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. गंगू शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायची आणि रुद्रप्पा सांगायचा. कडक भाकरी दोन दिवसांच्या, शेंगाची चटणी, चिरमुरे. पाण्याचा डबा झाकणाचा. गंगूला एष्टीत ओकारी होते म्हणून लिंबं सहा आणि जुनी फडकी. मल्लूला पुढं बसवायचं नाही, तो गिअरचा दांडा ओढतो. कानटोप्या, कारण कोयनेला सकाळी थंडी मरणाची. स्टोव्ह न्यायचा की नाही यावर दोन दिवस वाद झाला आणि नीलम्मा जिंकली, स्टोव्ह घ्यायचं ठरलं. पोरं झोपेतसुद्धा वळणं मोजायची.

एका संध्याकाळी दिवेलागणीला नीलम्मा सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली आणि गंगूला म्हणाली, “वाच बघू समदं. काय राहिलं का बघते.”

गंगू एकेक शब्द सुटा करत वाचू लागली. “पहिला दिवस. सकाळी सात वाजता निघणे. दुपारी बारा वाजता विटा, जेवण. चार वाजता कराड. मुक्काम. दुसरा दिवस. आठ वाजता निघणे. दहा वाजता घाट. बारा वाजता चिपळूण, मुक्काम. पाच वाजल्यानंतर गाडी चालवणे नाही.” ते शेवटचं वाक्य प्रत्येक दिवसाखाली लिहिलेलं होतं, आणि त्याखाली दोन रेघा.

नीलम्माचा तांदळातला हात थांबला. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. हा माणूस रात्री जेवून निघायचा आणि पहाटे घाट उतरायचा. रात्री रस्ता मोकळा मिळतो, इंजिन गार राहतं, हे तोच सगळ्यांना सांगायचा.

तिनं उठून चहा केला. रुद्रप्पा ओट्यावर भिंतीला टेकून रस्त्याकडं तोंड करून बसला होता. आकाशात अजून उजेड होता. नीलम्मा त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि चहाचा पेला त्याच्या खांद्याजवळ धरला. हाक मारली नाही.

पेल्यातून वाफ निघत होती. रुद्रप्पा समोर बघत राहिला. एक सायकल गेली, मग शेळ्यांचा कळप घेऊन एक म्हातारा गेला. नीलम्माच्या बोटांना चटका बसू लागला तरी तिनं हात हलवला नाही. वाफ जिरली. शेवटी तो स्वतःच म्हणाला, “नीलम्मा, च्या झाला का गं?”

“किती दिस झालं?” तिनं त्याच्या कानाशी विचारलं.

रुद्रप्पा दचकून वळला. पेला दिसला, तिचा चेहरा दिसला. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टर, अंधारी खोली, मोळीवाली बाई.

“कंबर दुखतीया म्हणून मी रोज शेक देते तुमाला,” नीलम्मा म्हणाली. “आन् असल्या डोळ्यांनी पोरांना घाटात नेणार व्हता?”

“समोरचं दिसतंय गं. दिवसा समदं लख्ख दिसतंय. त्यो रस्ता मला पाठ हाय. कुटं खड्डा, कुटं मोरी, कुटं धार. डोळं बांधून नेईन.”

“रस्ता पाठ हाय. रस्त्यावर येणारं माणूस पाठ हाय का?”

रुद्रप्पानं तिच्या हातातला पेला घेतला.

“त्या बाईसाठी तुमी शेठची गाडी सोडली. बरं केलंसा. मंग आपल्या पोरांनी काय वाईट केलंय?”

आत गंगू आणि मल्लू कानटोपीवरून भांडत होते. रुद्रप्पानं गार झालेला चहा एका घोटात संपवला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “बरं. न्हाय जायचं. सांग पोरांना.”

“मी न्हाय सांगणार.”

“मंग मी सांगतो.”

“कुणीबी सांगायचं न्हाय. जायचंय.” नीलम्मा त्याच्या समोर, त्याला नीट दिसेल अशी येऊन बसली. “तुमाला दिसतंय तवरच जायचंय. पुढल्या साली घाट तितंच असंल, तुमचं डोळं कुटं असतील? गाडी चालवायला कोण तरी बघा. तुमी नसलं चालवलं म्हणून डोंगर काय पळून जात न्हाय.”

“माझ्याशिवाय त्यो घाट उतरवणारा शेठकडं हाय कोण?”

“ज्ञानबाभाऊ हायत की.”

रुद्रप्पानं तोंड फिरवलं. ज्ञानबा करमाळ्याकडचा, जेऊरचा. त्याच्याच वयाचा, शेठच्या दुसऱ्या ट्रकवर, हैदराबादच्या सपाट रस्त्याचा. तो गिअर टाकतो म्हणजे फावड्यानं वाळू ओढतो, असं रुद्रप्पा वीस वर्षं चारचौघांत म्हणत आला होता. ज्ञानबाला वखारीत सगळे ‘गवंडी’ म्हणायचे ते त्याच्यामुळंच.

दोन दिवस रुद्रप्पा नीलम्माशी धड बोलला नाही. तिनंही विषय काढला नाही. कडक भाकरी थापून उन्हात वाळवल्या, फडकी धुऊन घड्या केल्या, आणि स्टोव्हला नवी पिन आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून वखारीत गेला.

ज्ञानबा ट्रकच्या खाली झोपून पान्यानं काहीतरी पिळत होता. फक्त पाय बाहेर दिसत होते. रुद्रप्पाला ते बरं वाटलं. तोंडाकडं बघून बोलायला नको.

“ज्ञानबा, एक काम हाय.”

“बोल की.”

“माझी पोरं आन् बायको घाटातनं चिपळूणला न्यायची. शेठची जीप हाय. गाडी तू चालवायची.”

पाना थांबला. “आन् तू?”

“माझं डोळं चाललं, ज्ञानबा.” एवढं एकच वाक्य होतं, पण ते म्हणायला त्याला चाकाचा आधार घ्यावा लागला. “बाजूचं दिसत न्हाय. रातचं तर कायबी न्हाय. कंबर बिंबर काय न्हाय. खोटं सांगितलं मी.”

ज्ञानबा सरपटत बाहेर आला. तोंडाला ऑईल लागलेलं, डोळे खाली. त्यानं चिंधीनं हात पुसले, एकेक बोट वेगवेगळं पुसलं.

“कवा निघायचं?” त्यानं विचारलं.

रुद्रप्पाला वाटलं होतं तो टोमणा मारेल. तयारीही केली होती. न मारलेला टोमणा फार जड गेला. “पुढल्या म्हयन्यात,” रुद्रप्पा म्हणाला.

“पर मला घाट येत न्हाय, रुद्रप्पा. खरं सांगतो. मला दरीचं भ्या वाटतं. म्हणूनशान मी कदी त्यो रस्ता मागितला न्हाय.”

“मी शिकवतो की,” रुद्रप्पा म्हणाला.

त्याच दिवशी त्यानं शेठलाही सगळं सांगितलं. शेठ टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणाले, “परत आलास की वखारीत बसायला ये. माल चढवून उतरवून घ्यायला जुनं माणूस लागतं मला.” रुद्रप्पानं बरं म्हटलं. ट्रककडं न बघता तो बाहेर पडला.

पुढचे दोन रविवार दोघं जीप घेऊन तुळजापूरला गेले. तिथला घाट लहान, चार वळणांचा, पण शिकायला तेवढा पुरे. रुद्रप्पा शेजारी बसून ओरडायचा. “ब्रेकवर भरवसा ठिवू नको! ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतरायचं! दरीकडं बघतोस कशाला, रस्त्याकडं बघ!”

पहिल्या रविवारी तिसऱ्या खेपेला ज्ञानबानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “वीस वर्सं तू मला गवंडी म्हणून हसलास. आज मुकाट ऐकतोय ते तुझ्या पोरांसाठी. पर परत माझ्यावर आरडलास तर उतर आन् जा चालत.”

रुद्रप्पाचे कान लाल झाले. रस्त्यानं बैलगाडी गेली, तिची धूळ बसली. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “आता न्हाय आरडत.” दुसऱ्या रविवारी तो खरोखरच ओरडला नाही. ज्ञानबानं सहा वेळा घाट चढवला, सहा वेळा उतरवला. शेवटच्या खेपेला गिअर कधी पडला ते रुद्रप्पाला ऐकूसुद्धा आलं नाही.

फेब्रुवारीच्या एका सकाळी, सातला दहा मिनिटं असताना जीप निघाली. मंगळवेढ्याच्या आधीच गंगू एकदा ओकली आणि सांगोल्याच्या पुढं एकदा. लिंबं संपली. मल्लू प्रत्येक टेकाडाला ‘ह्योच का डोंगर?’ विचारत होता. रुद्रप्पा पुढं, ज्ञानबाच्या शेजारी बसला होता आणि प्रत्येक वेळी मागं न वळता ‘न्हाय रे, अजून लांब हाय’ म्हणत होता. कराडला ते चारच्या आत पोचले.

दुसऱ्या दिवशी हेळवाक मागं पडलं तेव्हा ऊन नुकतं अंगाला लागू लागलं होतं. रस्ता एकदम खाली वळला आणि डाव्या हाताची जमीन संपली. मागं पोरांचा आवाज बंद झाला. ज्ञानबाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. “हॉर्न दे,” रुद्रप्पा हळूच म्हणाला. “पुढं मोरी हाय. आता उजवीकडं घे. एष्टी येईल, वाट दे तिला.” एसटी आली, ज्ञानबानं वाट दिली. चौथ्या वळणावर रुद्रप्पा काही बोलायच्या आधीच ज्ञानबानं हॉर्न दिला होता. पाचव्या वळणावर गिअरही आधीच बदललेला होता. सहाव्या वळणानंतर रुद्रप्पानं तोंड मिटून घेतलं. सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्याला बरंही वाटलं आणि वाईटही.

रस्त्याकडेच्या एका झऱ्यापाशी ज्ञानबानं रेडिएटरमध्ये पाणी घालायला गाडी थांबवली. तो उतरला, दोन्ही हात झटकले आणि रुद्रप्पासमोर चावी धरली. “हितनं पुढं फर्लांगभर सरळ हाय. गाडी न्हाय, माणूस न्हाय. मी शेजारी बसतो. घे थोडं.”

नीलम्मानं मागून ऐकलं. तिनं मल्लूला जवळ ओढलं.

रुद्रप्पानं चावीकडं पाहिलं. मग ज्ञानबाची मूठ मिटून त्याच्याच छातीवर टेकवली. “न्हाय. तू चालव. मी मागं बसतो पोरांत.” तो जीपला वळसा घालून, पत्रा चाचपत मागच्या बाजूला आला आणि गंगूच्या शेजारी बाकावर बसला.

गाडी सुरू झाली. “अप्पा, त्यो पांढरा दोरा काय?” गंगूनं विचारलं.

“कुटं?”

“तितं, लांब, खाली.”

त्याला दिसेना. गंगूनं त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं. “आता?”

नदी होती ती. नदीच्या कडेला झाडी, झाडीत कौलं, आणि त्यापलीकडं एकामागं एक डोंगर, मागचा पुढच्याहून फिका. वीस वर्षांत तो इथून हजारदा गेला असेल. त्याला इथला ब्रेकचा वास ठाऊक होता, मोरीवर चाक कसं वाजतं ते ठाऊक होतं. दरीकडं त्यानं कधी बघितलं नव्हतं. घाटात ड्रायव्हरनं दरीकडं बघायचं नसतं.

“लई खोल हाय गं,” तो नीलम्माला म्हणाला.

“तुमी पयल्यांदाच बघताय व्हय?” ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले.

“अजून इकडं, अप्पा,” म्हणत गंगू त्याची हनुवटी इंचाइंचानं फिरवत राहिली. कडा, कड्यावरचं माकड, पिवळं गवत, पुन्हा नदी. तो एकेक तुकडा बघून ‘हूं’ म्हणायचा, मग ती पुढचा दाखवायची. मल्लू त्याच्या मांडीवर झोपून गेला होता.

पुढं एक अवघड वळण आलं. रुद्रप्पाचा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर आपोआप दाबला गेला. गाडी अलगद वळली. आणखी एक वळण आलं, पाय पुन्हा दाबला. पायाखाली नुसता पत्रा होता, ब्रेक नव्हता. तिसऱ्या वळणाला त्यानं वाकून दोन्ही चपला काढल्या, बाकाखाली सारल्या, मल्लूचं डोकं जरा उचलून धरलं, आणि पाय वर घेऊन मांडी घातली.